परत पाठवलेले हातमोजे

आक्का, तुझा माल मी परत पाठवला होता. कंपनीनं नाही, मॅनेजरनं नाही, मी. आणि तो न बघता पाठवला. स्टोअरच्या दारात गठ्ठे उतरले होते, वरच्या गठ्ठ्यावर हात ठेवून मी थोडा वेळ उभा राहिलो, आणि एकाही गठ्ठ्याची गाठ न सोडता ‘शिलाई कच्ची आहे’ असं सांगून टेम्पो मागे वळवायला लावला. तू होतीस तोवर हे मी तुझ्यासमोर कधी बोललो नाही. आता तू नाहीस, तर आधी हेच लिहितो. हे टाळून पुढचं काहीही लिहिलं तरी ते खोटंच होईल.

तुझ्या दाराशी तुझ्या चपला अजून आहेत. तुझी लेक सोनी त्या उचलू देत नाही. मी सकाळी बदलापूरच्या हेंद्रेपाड्याहून निघतो, अंबरनाथला उतरतो, आणि कंपनीकडे जायचं सोडून पाय शिवमंदिराच्या रस्त्याला लागतात. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. तिथल्या हारवाल्यानं परवा विचारलं, “काय साहेब, आज सुट्टी?” मी हो म्हणालो. खोटं बोलायची सवय माझी जुनीच आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

दाजी गेले तेव्हा तू रडलीस, पण घाबरली नव्हतीस. तुला घाबरलेलं मी पाहिलं ते उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला तो जीन्सचा कारखाना बंद पडला तेव्हा. इतकी वर्षं त्या गाळ्यात बसून तू पँटच्या खिशांना शिलाई मारलीस. लॉकडाऊन उठला, आजूबाजूची शटर वर गेली, तुमचं गेलं नाही. मालकानं मशीन विकून टाकल्या आणि तुम्हा बायकांना फोनवर कळवलं. तू माझ्याकडे आलीस, सोफ्याच्या कडेला बसलीस. मी मोठेपणानं म्हणालो, “आक्का, बास झालं आता. आराम कर. मी आहे ना.”

तू म्हणालीस, “तू आहेस ते दिसतंय मला. मी कुठं आहे ते सांग.”

 याचं उत्तर तूच शोधलंस, तेही माझ्या कंपनीच्या गेटवर. मी चष्मा तुझ्याकडे विसरलो होतो, तो द्यायला तू आलीस आणि शेजारच्या फॅब्रिकेशनच्या शेडकडे बघत उभी राहिलीस. ग्राइंडर चालवणाऱ्या माणसानं तळहाताला फडकं गुंडाळलं होतं.

“त्याच्या हाताला काय झालंय रे?”

“काही नाही. ग्लोज फाटले असतील.”

“मग नवे देत नाहीत?”

“देतात. पण पातळ कापडाचे असतात, टिकत नाहीत. चामड्याचे परवडत नाहीत छोट्या शेडवाल्यांना.”

तू “हं” म्हणालीस आणि निघून गेलीस. पुढच्या रविवारी माझ्या दारात पोतं घेऊन हजर! पोत्यात जीन्सचं कातरण. कटिंग झाल्यावर उरतात ते तुकडे, जे कॅम्प दोनमध्ये लोक बॉयलरमध्ये जाळायला देतात. तू त्या सिंधी सेठची नक्कल करून दाखवलीस. त्याचा तो गळ्यातून येणारा आवाज, ती मान. “म्हणतो कसा, ‘अरे भेण, ये तो कचरा है, क्या करेगी इसका?’ मी म्हटलं, सेठ, कचराच आहे तर पैसे कशाचे मागताय? हसायलाच लागला. म्हणाला, ‘तू तो हमसे भी पक्की निकली!’ दिलं पोतं.” तुझ्या भावजयीनं, मायानं, चहा ठेवला आणि तू तिला सांगत राहिलीस, की जीन्ससारखं कापड नाही, ठिणगी पडली तरी लगेच जळत नाही, घासलं तरी विरत नाही, आणि हे लोक जाळतात. वेडे कुठले.

पहिला जोड तू तुझ्या हाताच्या मापावर शिवलास. ग्राइंडरवाल्याच्या मुठीत तो गेलाच नाही. तेव्हा तू पुन्हा बदलापूरला आलीस, शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, “हात ठेव. बोटं पसर. नीट पसर रे, चोरल्यासारखी काय आखडून घेतोस?” पेन्सिल बोटांभोवती फिरत होती, मला गुदगुल्या होत होत्या. तू मायाला म्हणालीस, “बघ गं, किती मऊ हात आहे. आयुष्यात कधी काम केलेलं नाही यानं. पण माप बरंय.” आम्ही तिघंही हसलो. त्या पुठ्ठ्यावरून तू पत्र्याचा साचा कापून घेतलास, आणि अंबरनाथच्या कितीतरी शेडमध्ये माणसं माझ्या मापाचा पंजा घालून लोखंड उचलू लागली.

मालकांच्या केबिनबाहेर तू कधी ताटकळत बसली नाहीस. सरळ कामगाराकडे जायचीस, एक जोड त्याच्या हातात द्यायचीस, आणि काही दिवसांनी परत जाऊन विचारायचीस, “दाखव, कुठं फाटला?” बहुतेक सगळ्यांचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधे फाटायचा. तिथं तू दुहेरी ठिगळ लावलंस. मग नवी टूम काढलीस. जुना जोड द्या, तळवा बदलून घ्या. वरचं कापड धड असताना सगळा मोजा का टाकायचा? छोट्या शेडवाल्यांना ते इतकं पटलं, की ते आपल्या शेजाऱ्याला सांगू लागले. तू एकीच्या दोन मशीन केल्यास, मग शकूबाई आली, मग कारखाना बंद झाल्यावर घरी बसलेल्या आणखी दोघी. खोलीच्या पुढच्या पडवीत मशीन, मागे स्वयंपाक. उरलेल्या लांब पट्ट्यांच्या तुम्ही जयंतीच्या मिरवणुकीसाठी कपाळपट्ट्या केल्यात. “निळं कापड आपल्यात वाया कसं जाईल?” असं म्हणत तू त्या पोरांना फुकट वाटल्यास आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे नाचलीस. मी कडेला उभा होतो. तू मला ओढायला आलीस, मी नाही आलो. कंपनीतलं कुणी बघेल, असं माझ्या मनात आलं होतं.

इथंच आपलं भांडण आहे, आक्का. ते तिथं सुरू झालं नव्हतं, पण तिथं मला ते स्पष्ट दिसतं. मी म्हणायचो, आपल्यावर लोकांचे डोळे असतात. दुसऱ्यानं एक चूक केली तर ती त्याची असते, आपण केली तर ती सगळ्या समाजाची होते. म्हणून आपण दुप्पट चोख राहायचं. तू म्हणायचीस, “चोख राहा की. पण ते डोळे मिटतील म्हणून किती दिवस वाट बघणार? मेल्यावर आपलेच मिटतात.” आपण जेवताना भांडायचो, माया ताट वाढता वाढता थांबायची. दर वेळी तू उठताना माझ्या डोक्यावर टपली मारून जायचीस. भांडण तसंच राहायचं. आता ते संपणार नाही. मला एकट्याला दोन्ही बाजू बोलाव्या लागतात, आणि तुझी बाजू दर वेळी जिंकते.

माझ्या कंपनीकडे तू माझ्यामुळे आली नाहीस, हे मला लिहून ठेवायचं आहे. शेजारच्या शेडमधले मोजे आमच्या मॅनेजरनं पाहिले, त्यानंच तुला बोलावलं. तू नमुना घेऊन आलीस तो दिवस मला आठवतो. वॉचमन मला साहेब म्हणतो, उठून उभा राहतो. त्याच्यासमोर तू गेटवरून हाक मारलीस, “ए दिल्या!” मी खाली धावत आलो. वॉचमन तोंड फिरवून हसत होता. तू म्हणालीस, “काय रे, घाम फुटला? तुझ्याकडे नाही आले, तुझ्या साहेबाकडे आलेय.” मॅनेजरनं मोजे हातात घालून ओढून पाहिले, आणि तुला पहिली मोठी ऑर्डर दिली. तोवर तू शेडशेडमधून पाच-दहा जोड विकत होतीस. ही ऑर्डर टिकली असती तर तू गाळा घेणार होतीस. कॅम्प दोनमधलाच, तुमच्या जुन्या कारखान्याच्या समोरचा. तू तो बघूनही आली होतीस. मला म्हणालीस, “ज्या गल्लीतून फोनवर हाकललं ना, त्याच गल्लीत शटर उघडणार.”

तुमच्या पडवीत रात्रंदिवस मशीन चालू होत्या. आणि इकडे कँटीनमध्ये, मी ताट घेऊन मागे उभा आहे हे माहीत नसताना, अकाउंट्समधला एक जण दुसऱ्याला म्हणाला, “आता स्टोअर म्हणजे घरचंच दुकान. आज बहीण आली, उद्या सगळी वस्ती येईल.” दुसरा म्हणाला, “यांना एकदा खुर्ची द्यायची की संपलं.”

आक्का, तुला वाटेल, एवढंच? एवढंच. त्या कंपनीत स्टोअरच्या खुर्चीवर बसलेला आपल्यातला मी पहिला. ‘यांना’ हा शब्द मी शाळेपासून ऐकत आलो होतो. प्रत्येक वेळी मी काहीतरी जास्त करून दाखवलं. जास्त तास थांबलो, आजारपणात रजा घेतली नाही, चहाचासुद्धा उपकार कुणाचा घेतला नाही. माल आत घेणं किंवा परत पाठवणं, हेच माझं काम. तो माझ्या सहीनं आत येतो. तुझा माल आला त्या सकाळी ते दोघं काही काम नसताना स्टोअरच्या दारात येऊन उभे राहिले. हसत होते. आणि मी त्यांच्याकडे बघत म्हणालो, “शिलाई कच्ची आहे. घेऊन जा.”

त्यांचं हसणं थांबलं. मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही, मला त्या क्षणी खरंच बरं वाटलं. आपला माणूस असूनही हा सोडत नाही, असं त्यांच्या तोंडावर मला वाचता आलं.

एकच वाक्य बोलायचं होतं. मॅनेजरला सांगायचं, ही माझी सख्खी बहीण आहे, तिचा माल दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्या. खरा चोख माणूस तेच बोलला असता. मी चोखपणाचं नाटक केलं आणि त्यात तुझा बळी दिला. टेम्पोच्या मागे शकूबाई बसली होती. ती उतरून काहीतरी विचारायला आली, मी आत निघून गेलो.

संध्याकाळी तुझा फोन आला. तुझा आवाज शांत होता.

“दिल्या, काय झालं रे?”

“क्वालिटीवाल्यांनी पाहिलं, आक्का. शिलाई कच्ची म्हणाले. माझ्या हातात नव्हतं.”

“कुठं कच्ची? अंगठ्यापाशी?”

“मला नीट माहीत नाही. बहुतेक.”

 मागे मशीन बंद होत्या, त्यामुळे मला तुझा श्वास ऐकू येत होता. मग तू म्हणालीस, “बरं.”

त्या ‘बरं’चा अर्थ मला कळायला तुझं मरण यावं लागलं.

बातमी एमआयडीसीत पसरायला वेळ लागत नाही. मोठ्या कंपनीनं अख्खा माल परत केला, म्हणजे काहीतरी असेलच. जे शेडवाले तुझी वाट बघायचे ते म्हणू लागले, बाई, जरा थांबू या. तळवे बदलून घेणारे दोघं-तिघं टिकले, बाकीचे गेले. तू तरीही गेटागेटाला फिरलीस. मी तुला दोनदा लांबून पाहिलं, खांद्याला पिशवी, ओढणी डोक्यावर घेतलेली. दोन्ही वेळा मी तुला टाळून गोडाऊनच्या बाजूनं गेलो.

पुढच्या पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं. आमचं घर तळमजल्यावर. पाणी उतरलं तेव्हा गुडघाभर चिखल, त्यात माझी पुस्तकं, मायाची शिलाई मशीन, गहू, सगळं एकत्र. मी कुणालाच बोलावलं नव्हतं, तुला तर नाहीच. तू मिळेल ती रिक्षा पकडून आलीस. बरोबर शकूबाई आणि त्या दोघी. चिखल बघून तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, “दिल्या, चांगला दगडी बंगला घ्यायचा सोडून नदीच्या पोटात घर घेतलंस होय रे!” आणि पिशवीतून मोजे काढून चौघींनी घातले.

मी ते ओळखले. काचा, फुटलेल्या टाइल, दारांचे खिळे, सगळं तुम्ही त्या मोज्यांनी उचललंत. दिवसभर. फ्रिज सरळ केलात. गाद्या ओढून बाहेर नेल्यात. एकाही मोज्याचा एकही टाका निघाला नाही. मी बघत होतो. बादली ओतायच्या निमित्तानं पुन्हा पुन्हा जवळ येऊन बघत होतो. एखादी तरी शिवण उसवलेली दिसावी, असं मी मनात म्हणत होतो. इतका खालचा माणूस मी होतो त्या दिवशी.

मायाला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, “आक्का, किती दणकट आहेत हो हे! असे बाजारात नाही मिळत.”

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. चिखल खरवडत म्हणालीस, “रिजेक्ट माल आहे गं. घरकामाला चालतो.”

शकूबाई हसली. म्हणाली, “आमच्या आक्कांची मशीन सैल, दुसरं काय! त्याच सांगतात.” तूही हसलीस. मी बादली घेऊन बाहेर गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. तेव्हा बोलायचं होतं. चिखलात उभं राहून बोललो असतो तरी चाललं असतं. तुझ्या हातात माझं घर होतं. मी आत आलो आणि विचारलं, “चहा टाकू का?”

नंतर तू मशीन विकल्यास. एक शकूबाईला दिलीस, ती आता घरी ब्लाउज शिवते. गाळा दुसऱ्या कुणी घेतला. तू परत कॅम्प दोनमध्ये कामाला लागलीस, पण शिलाईला नाही. डोळे कमी पडू लागले होते. तुला धागे कापायला बसवलं. जीन्स शिवून झाली की लोंबणारे धागे कात्रीनं छाटायचे, हे त्या धंद्यातलं सगळ्यात शेवटचं काम. जिनं दुसऱ्यांना काम दिलं ती फरशीवर बसून दुसऱ्यांचे धागे कापू लागली.

मी एकदा तिथं आलो होतो, आठवतं? मनाशी ठरवून आलो होतो, की आज सांगायचंच. पँटच्या ढिगाच्या मागे तू दिसलीसच नाहीस आधी. केसांत निळे धागे. तू मला पाहून ओरडलीस, “अरे, साहेबांना खुर्ची द्या कुणीतरी!” आणि बाजूच्या बाईला अभिमानानं सांगितलंस, “माझा भाऊ. मोठ्या कंपनीत आहे.” ती बाई कौतुकानं बघू लागली. मग मी कसं सांगणार? असं मी स्वतःला विचारलं, आणि सांगितलं नाही. खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, त्या बाईसमोर.

दवाखान्यातही तसंच. शेवटच्या दिवसांत तू कमी बोलायचीस. मी खुर्ची ओढून बसायचो. तू म्हणायचीस, “बोल की काहीतरी.” आणि मी तुला आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाबद्दल सांगायचो. सेक्रेटरी कसा भांडतो, ते. तू डोळे मिटून ऐकायचीस. मला वाटायचं, झोप लागली. आता वाटतं, तू वाट बघत होतीस.

असं वाटतं ते सोनीनं सांगितल्यामुळे. तुला निरोप देऊन आलो त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, तुझी खोली आवरताना. पडवीच्या माळ्यावर परत आलेल्या मालातले काही गठ्ठे तसेच होते. मी ते उतरवून घेत होतो. सोनी म्हणाली, “मामा, आईला माहीत होतं.”

“काय?”

“तुम्ही गठ्ठे सोडलेच नव्हते ते.”

तू दर डझनाला जीन्सच्या किनारीची पट्टी बांधायचीस. आपल्या आईची, लाकडाच्या मोळीला मारायची ती गाठ. एका झटक्यात सुटते, पण पुन्हा तशी बांधायला आपल्या घरातल्याच कुणाला तरी बोलवावं लागतं. माल परत आला तेव्हा तू एकेक गठ्ठा हातात घेऊन बघितलास. सगळ्यांवर तुझीच गाठ, जशीच्या तशी. कुणी सोडलंच नव्हतं, तर शिलाई बघितली कुणी? आणि त्यानंतर, आक्का, ते सगळं कळल्यानंतर, तू मला फोन केलास. ‘कुठं कच्ची? अंगठ्यापाशी?’ असं विचारलंस. तू मला सोडवायला हात पुढे केला होतास. मी त्याच हातावर आणखी एक खोटं ठेवलं.

मी सोनीला विचारलं, मग ती बोलली का नाही? बायकांना का सांगितलं, की तिच्याच मशीनचा टाका सैल आहे म्हणून?

सोनी म्हणाली, “मीपण भांडले तिच्याशी. म्हटलं, मामाला जाब विचार. तर म्हणाली, ‘त्याला त्याच लोकांत रोज जायचंय. मला काय, मी दुसरं गेट बघीन.’” मग माझ्या हातातला गठ्ठा तिनं काढून घेतला. “तिला तुमचा राग नाही आला, मामा. मला येतो. तिला आला नाही म्हणून माझा जाणार नाही. आणि तुम्ही माझ्याकडे माफी मागू नका. माझ्याकडे काय आहे द्यायला?”

बरोबर बोलली. तुझ्यावरच गेलीय.

मला कुणी क्षमा करावी असं हे लिहिताना मनात नाही. जिच्याकडे मागायची ती व्यक्ती नाही, म्हणजे तो दरवाजाच उरला नाही. लोक म्हणतात, काळ जाईल तसं दुःख कमी होईल. दुःख होईलही कमी. पण तू दुसऱ्यांदा उभी राहिली होतीस, कुणाच्या आधाराशिवाय, कचऱ्यातून, आणि तुला मी खाली बसवलं. हे काळानं कसं कमी होणार? तू आणखी दहा वर्षं जगली असतीस की नाही मला माहीत नाही. पण जी जगलीस ती फरशीवर बसून जगायची वेळ माझ्यामुळे आली, हे मला माहीत आहे. तुझे उपकार आठवायला बसलो, की प्रत्येकाच्या शेवटी मीच उभा असतो. तू मला शाळेत सोडायला यायचीस, माझ्या वह्यांना कव्हर घालायचीस, माझ्या लग्नात तू अंगावरचं एकुलतं एक मंगळसूत्र मोडायला निघाली होतीस आणि दाजींनी थांबवलं. त्या सगळ्याला मी स्टोअरच्या दारात उत्तर दिलं.

काल विहारात तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली. मग एकेक जण उठून बोलले. वस्तीतले एक काका म्हणाले, या माउलीनं शून्यातून धंदा उभा केला, आणि तिच्या पाठीशी तिचा भाऊ खंबीर उभा राहिला, स्वतःच्या कंपनीत माल लावून दिला; पुढे धंदा चालला नाही तो भाग वेगळा, पण असा भाऊ सगळ्यांना मिळो. लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आमच्या कंपनीतले चौघं आले होते, त्यांत अकाउंट्समधला तोही होता. सोनी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. मायानं माझ्या हातावर हात ठेवला. आणि मला समोर बोलावलं.

मी दोन कागदांवर लिहून नेलं होतं. तुझे कष्ट, तुझा स्वभाव, वगैरे. माइक हातात घेतला आणि ते कागद मला वाचता येईनात. मी म्हणालो, “काकांनी सांगितलं ते खरं नाही.”

मागे कुजबुज झाली. मी म्हणालो, “आक्काचा माल माझ्या कंपनीनं परत पाठवला नाही. मी पाठवला. शिलाई कच्ची आहे असं मी सांगितलं. मी ती बघितलीच नव्हती. गठ्ठेसुद्धा सोडले नव्हते.”

मला वाटलं होतं, आता कुणीतरी उठून मला मारेल. कुणी उठलं नाही. मायाचा चेहरा मला दिसत होता, तिकडे मी पुन्हा पाहिलं नाही. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं शकूबाई उभी राहिली. पदर सावरत तिनं अगदी हळू विचारलं, “साहेब, म्हणजे... त्या मालात आमचा टाका बरोबर होता?”

आक्का, तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. इतकी वर्षं ती बाई ब्लाउज शिवताना प्रत्येक शिवण दोनदा ओढून बघत असणार. मी माइक खाली ठेवला. चालत बायकांच्या रांगेपर्यंत गेलो आणि तिच्यासमोर, तुझ्या त्या दोन्ही सोबतिणींसमोर, सोनीसमोर हात जोडले.

“बरोबर होता, शकूबाई. तुमचा टाका बरोबर होता, आक्काची मशीनही सैल नव्हती. तिनं माझी लाज झाकायला ते सगळं अंगावर घेतलं. मला लोक काय म्हणतील याची भीती वाटली, आणि त्या भीतीपायी मी तुमच्या सगळ्यांच्या हातांवर खोटा ठपका ठेवला. तुमचं काम गेलं, तिचं सगळंच गेलं. चूक माझी होती. मला माफ करा.”